‘राहता कुठे?’ या प्रश्नाला बेघर माणसाने काय उत्तर द्यावे?

गिरणाकाठ

मागे एका धाग्यावर मी ओघात लिहिले होते की डाळ मिल बंद पडल्यानंतर जळगावात काही काळ मला राहायला घर नव्हते. त्यावर जेवणाचे काय केलेत, पावसात कुठे राहिलात, असे विचारणारे बरेच निरोप आले. लोकांच्या नजरेचे काय केलेत, हे मात्र फार थोड्यांनी विचारले आणि माझ्या मते खरा कठीण भाग तोच होता. म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. ज्यांनी ही अवस्था भोगली आहे, ज्यांच्या घरातील कोणी आज भोगत आहे, किंवा कामानिमित्त ज्यांचा अशा माणसांशी संबंध येतो, त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

खान्देशात अनोळखी माणसाशी बोलणे गावापासून सुरू होते. ‘कोठला शे रे भाऊ?’ असे विचारले जाते, गाव सांगितले की आडनाव निघते, आडनावावरून ‘म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण?’ असा प्रश्न येतो आणि दोन-चार वाक्यांत कुठली तरी सोयरीक सापडतेच. या चौकशीत एरवी माया असते. घर गेलेल्या माणसाला मात्र तीच नकोशी होते, कारण खरे सांगितले तर बातमी गावच्या पारावर पोहोचते आणि खोटे सांगितले तर समोरचा नेमका त्याच गावचा जावई निघतो. त्यामुळे आपल्याकडचा बेघर माणूस परक्यांपेक्षा आपल्याच माणसांपासून अधिक लपतो. भुसावळच्या फलाटावर मला भेटलेले बहुतेक जण बुलढाणा, बऱ्हाणपूर, खंडवा या बाजूचे होते. आणि आमच्या भडगाव-पाचोऱ्याकडच्या ज्यांची अशी वेळ आली, ते सुरतेला, नाशिकला किंवा कल्याणला निघून गेल्याचे पुढे कळले. ते कामासाठी गेले हे खरे, परंतु ओळखणारे कोणी भेटू नये, हेही जाण्यामागचे एक कारण होते.

माझ्याविषयी लोकांच्या मनात तीन शंका असत : हा आळशी असेल, हा दारू पीत असेल, हा चोर असेल. पहिल्या दोन शंकांनी मन दुखावते, पण तिसरी थेट पोटावर येते. मजूर अड्ड्यावर सकाळी माणसे निवडताना ठेकेदार राहण्याचे ठिकाण विचारतो, कारण उद्या साइटवरून सिमेंटची गोणी किंवा ड्रिल मशीन नाहीसे झाले तर कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे, हे त्याला माहीत असावे लागते. प्रारंभी मला तो प्रश्न अपमानाचा वाटे. नीट पाहिल्यावर लक्षात आले की तो माणूस माझी लाज काढत नव्हता, जामीन शोधत होता. मग मी उत्तर देण्याची रीत बदलली. मी कुठे राहतो यावर बोलणे न लांबवता, मला कोण ओळखते हे सांगू लागलो. स्थानकाबाहेरचे एक चहावाले मला रोज पहाटे पाहत, माझ्याकडून पाण्याची टाकी भरून घेत आणि चहा देत. त्यांची परवानगी घेऊन मी त्यांचा फोन क्रमांक ठेकेदाराला दिला. ‘हा माणूस रोज पहाटे इथे असतो, हिशेबाला चोख आहे,’ एवढेच ते बोलले आणि त्या बोलण्यावर मला गोदामात हमाली मिळाली.

माझे म्हणणे त्यावरून असे झाले आहे की छप्पर जाते तेव्हा त्याबरोबर आपल्याविषयी शब्द टाकणारी माणसेही जातात, आणि कलंक म्हणून जे आपण सोसतो त्याचा मोठा भाग या दुसऱ्या नुकसानीतून येतो. छप्पर मिळेपर्यंत वाट पाहावी लागते, पण शब्द टाकणारा एखादा माणूस त्याआधीही मिळवता येतो. त्यासाठी जागा सतत बदलू नये, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी दिसावे आणि लहानसे का होईना, काम अंगावर घ्यावे. लपण्याची ओढ याच्या नेमकी उलट असते. ती रोज नव्या कोपऱ्यात नेते आणि रोज नव्या कोपऱ्यात दिसणाऱ्या माणसाविषयीच संशय अधिक वाढतो.

दिसण्याविषयीही थोडे लिहितो. फलाटावर रात्री शेकडो प्रवासी जमिनीवर चादर अंथरून झोपतात आणि त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. त्यांच्यातला आणि माझ्यातला फरक सामानावरून ठरत असे. गाठोडे किंवा सिमेंटची धुतलेली गोणी असली की शिपाई काठीने हलवतो. चेन शाबूत असलेली सॅक असली की ‘कोणती गाडी?’ एवढे विचारून पुढे जातो. हे अन्यायाचे आहे, पण सॅक मिळत असेल तर ती घ्यावी आणि न्यायाची चर्चा दुसऱ्या दिवशी करावी. आंघोळीसाठी सशुल्क स्वच्छतागृहात जे पैसे जातात, ते मी जेवणातून वाचवत असे, कारण अंगाला वास येत असला तर कामाचे विचारायला जवळ जाणेच शक्य होत नाही.

आपल्याकडे उन्हाळा हिवाळ्यापेक्षा कठीण जातो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रात्रीपेक्षा दुपारच्या सावलीचा प्रश्न मोठा असतो. आणि सावली असलेल्या प्रत्येक जागी, म्हणजे देवळाच्या मंडपात, दवाखान्याच्या ओसरीत किंवा बँकेच्या पायऱ्यांवर, कोणी तरी ‘काय काम आहे?’ असे विचारणारा असतोच. मला वाचनालयाचा वर्तमानपत्र कक्ष सर्वांत सोयीचा वाटला. तिथे बसलेल्या माणसाला वाचक समजतात, आणि दोन दिवसांनी तो खरोखरच वाचक होतो.

एक गोष्ट अजून खुपते. थंडीत ब्लँकेट वाटायला येणारी मंडळी भली असतात, पण त्यांचा मोबाइल आधी आणि ब्लँकेट नंतर पुढे येते. तो फोटो व्हॉट्सॲपवरून तालुक्याच्या गटात जातो आणि ज्या चुलत्यापासून वर्षभर लपलो, त्याच्या हातात पडतो. ‘ब्लँकेट घेतो, फोटो नको,’ असे मी हात जोडून सांगत असे. एकदा त्यामुळे ब्लँकेट मिळाले नाही. बाकी वेळी त्यांनी ऐकले.

पांझरा

गिरणाकाठ दादा, आपले लेखन पटले, तरी एका मुद्द्यावर माझा वेगळा अनुभव नोंदवते. आपण रोज एकाच ठिकाणी दिसावे असे म्हणता. बाईने असे केले तर तिला ओळखणारा चहावाला मिळेल की तिच्यावर पाळत ठेवणारा दुसराच कोणी मिळेल, हे सांगता येत नाही. ‘मला घर नाही’ हे वाक्य पुरुषासाठी लाजेचे असते. बाईसाठी ते धोक्याचे असते.

धुळ्याचे रेल्वेस्थानक लहान आहे. चाळीसगावहून येणारी शाखा तिथेच संपते, त्यामुळे शेवटची गाडी गेल्यावर थांबलेली बाई लगेच डोळ्यांत भरते. बसस्थानकाचे तसे नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकत्र येतात, रात्रभर गाड्या येत-जात राहतात आणि लेकुरवाळ्या बायकांच्या शेजारी बसले की आपणही त्यांच्यातलेच दिसतो. मी ज्या रात्री तिथे काढल्या, त्या प्रत्येक रात्री मी कोणत्या तरी गाडीची वाट पाहत होते आणि विचारणाऱ्याला त्या गाडीचे नाव सांगत होते. नवऱ्याने घराबाहेर काढलेले असूनही गळ्यातले मंगळसूत्र मी काढले नाही, कारण ते असले की चार प्रश्न कमी येतात. हे खोटेपण मला कधी टोचले नाही.

माहेराविषयीही लिहिले पाहिजे, कारण बाहेरच्यांना वाटते की बाईला माहेर असते, मग ती बेघर कशी? आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते तेव्हा तिच्यासाठी झोका बांधतात, पुरणाच्या पोळ्या होतात, आळीतल्या बायका तिला भेटायला येतात. तीच मुलगी आखाजीनंतर परत गेली नाही, तर त्याच बायका आईला ‘जावई न्यायला कधी येणार?’ असे विचारू लागतात, आणि आई मुलीला पाणी भरायला अंधार पडल्यावर पाठवते. भाऊ-भावजयीने मला जा म्हटले नाही. पण बहिणीचे नांदणे तुटल्याचे कळले तर पुतणीच्या स्थळाला अडचण येईल, ही चर्चा मी भिंतीपलीकडून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी निघाले.

तेव्हा खरे कोणाला सांगावे? माझे मत असे की ज्याच्या हातात काही करण्याचा अधिकार आहे, त्याला पूर्ण सांगावे आणि बाकी सर्वांना गाडीचे नाव सांगावे. महिला मदतवाहिनी १८१ वर दूरध्वनी केला की सखी वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते. तिथे साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येते आणि पुढे अधिक काळाच्या निवाऱ्याची व्यवस्था करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या १७ व्या कलमानुसार सामाईक घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले म्हणून तो हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. मी त्या घरात परत गेले नाही. परंतु त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांसमोर बसून हे कलम ऐकले, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले की मी घर सोडलेली बाई नसून घरातून काढलेली बाई आहे, आणि त्यानंतर मान वर करून बोलणे सोपे गेले.

पालावरून

दोघांचे लेखन वाचले. आपण दोघांनी गमावलेल्या गोष्टीविषयी लिहिले आहे. आमच्या भटक्या समाजात अनेकांकडे ती गोष्ट कधी नव्हतीच, म्हणून आमचा प्रश्न थोडा निराळा आहे. मी स्वतः पदवीधर आहे, शहादा तालुक्यात भाड्याच्या खोलीत राहतो. माझे आई-वडील आणि काका आजही वर्षातले बरेच महिने पाल ठोकून राहतात.

ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून पुढे अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले आणि त्यांच्यावर पोलिसांकडे हजेरी लावण्याची सक्ती केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. फिरणाऱ्या माणसावरचा संशय रद्द करण्याची तरतूद मात्र कोणत्याच कायद्यात करता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडून आले होते. बाजाराचा दिवस होता, गावात गर्दी होती आणि मोबाइलवर अफवा फिरत होत्या. त्या पाच जणांसाठी ‘कोठला शे?’ हा प्रश्न मायेचा नव्हता, आणि त्यांनी दिलेले खरे उत्तर कोणी ऐकून घेतले नाही. गिरणाकाठ दादांचे जामिनाचे म्हणणे मला मान्य आहे. पण जिथे शब्द टाकणारे कोणी नाही अशा गावात माणूस पोहोचतो, तेव्हा ही रीत अपुरी पडते, हेही नोंदवले पाहिजे.

त्या घटनेनंतर आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी नवीन गावी पाल पडताच आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटण्याचा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आधारकार्डांच्या प्रती देऊन येण्याचा नियम केला. माझा या नियमाला विरोध होता. ज्या हजेरीतून आजोबा सुटले, तीच आपण आपल्या पायांनी जाऊन का लावायची, असे मी काकांना विचारले. काका म्हणाले, ‘तुझं बरोबर आहे, पण तू पालावर झोपत नाहीस.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

आणखी एक कायदा सर्वांनी माहीत करून घ्यावा. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यातील भीक मागण्याच्या व्याख्येत, उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी भीक मागून जगत असावा अशा अवस्थेत भटकणारी किंवा थांबणारी व्यक्तीही येते. म्हणजे हात पसरलेला नसला तरी केवळ अवतारावरून माणूस या कायद्यात सापडू शकतो, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण तो निकाल दिल्लीपुरता आहे आणि महाराष्ट्रात कायदा लागू आहे. सॅक घ्यावी असे दादांनी लिहिले आहे, त्यामागे हेही कारण आहे असे समजावे.

पेठेतला दुकानदार

सर्वांविषयी आदर राखून दुसरी बाजू मांडतो. माझे दुकान बाजारपेठेत आहे आणि रात्री ओट्यावर चार-पाच जण झोपतात. सकाळी शटर उघडताना बाटल्या, उलटी आणि घाण आम्हाला साफ करावी लागते. बायका-मुली गिऱ्हाईक म्हणून येतात, त्या पायरी चढायला कचरतात. महापालिकेने निवारा केंद्र दिलेले असताना ही मंडळी तिथे का जात नाहीत? आम्ही हाकलले की आम्हाला निर्दयी म्हटले जाते. कलंक हा शब्द वापरण्यापूर्वी वागणुकीचाही विचार व्हावा.

गिरणाकाठ

दुकानदार दादा, घाणीविषयीची तक्रार रास्त आहे आणि तिला उत्तर म्हणून मी कोणतेही तत्त्वज्ञान सांगणार नाही. मी ज्या ओट्यावर झोपत असे, तो मालक येण्यापूर्वी झाडून, बादलीभर पाण्याने धुऊन ठेवत असे. ते मला कोणी सांगितले नव्हते. काही दिवसांनी शेठजींनी शटरच्या आत झाडू ठेवण्याऐवजी बाहेर ठेवायला सुरुवात केली, आणि आमच्यात एवढाच करार होता. आपल्या ओट्यावरील चार-पाचांपैकी एखादा असा निघेल. त्याला नावाने हाक मारून पाहावी, कारण बाकीच्यांना आवरण्याचे काम आपल्यापेक्षा तो चांगले करेल.

दारूविषयी एवढेच सांगतो की काही जण दारूमुळे रस्त्यावर आले होते आणि काहींना ती रस्त्यावर आल्यावर लागली, कारण डास, उजेड आणि काठीची भीती यांत शुद्धीवर असताना झोप लागत नाही. दोन्ही प्रकारची माणसे मी पाहिली आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. न पिणारेही त्यांच्यातच मोजले जातात.

निवाऱ्यात का जात नाहीत, याची कारणे मी ऐकली ती अशी : भंगार गोळा करणाऱ्याला त्याची हातगाडी बाहेर सोडावी लागते आणि ती सकाळपर्यंत राहत नाही, जोडप्याला वेगळे झोपावे लागते, रात्रपाळीच्या हमालाला वेळेत पोहोचता येत नाही, आणि अनेकांना ते भिक्षेकरी गृहच वाटते, एकदा आत गेलो की सोडणार नाहीत, अशी धास्ती असते. पालावरून यांनी सांगितलेला कायदा लोकांनी वाचलेला नसतो, पण त्याची भीती सर्वांपर्यंत पोहोचलेली असते.

निवृत्त कर्मचारी

मी नगरविकासाशी संबंधित कामातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे निवाऱ्याविषयी थोडी भर घालतो. २०१३ ते २०२४ या काळातील राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याचा स्वतंत्र घटक होता. एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, प्रत्येकी किमान ५० चौरस फूट जागा आणि वर्षभर चोवीस तास निवारा उघडा, असा त्याचा मापदंड होता. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. यावरून कोणत्या शहरात किती जणांची सोय हवी, हे वाचकांनीच मोजावे आणि आपल्या शहरातील निवाऱ्यात जाऊन खाटाही मोजाव्यात. अंमलबजावणी मंद असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती.

धाग्याच्या विषयाशी जोडलेली गोष्ट अशी की लाजेमुळे आकडाही खाली येतो. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात सुमारे १७ लाख ७० हजार, तर महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले. रात्रीच्या पाहणीत मी स्वतः फिरलो आहे. टापटीप कपड्यांतील मनुष्य ‘मी गाडीची वाट पाहतोय’ असे सांगतो आणि नोंदणारा पुढे जातो. पांझरा ताईंचे उत्तर त्यांच्या सुरक्षेसाठी योग्यच होते. परंतु अशी प्रत्येक बाई त्या रात्री प्रवासी म्हणून मोजली गेली, त्यामुळे स्त्रियांसाठी वेगळा निवारा मागताना ‘बायका आहेतच कुठे?’ असे आम्हाला ऐकवले जाई.

आणखी एक सूचना मी नोकरीत असताना केली होती, ती मान्य झाली नाही. निवाऱ्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘बेघर’ लिहिलेला फलक नको. सकाळी कामावर निघालेल्या माणसाला त्या फलकाखालून बाहेर पडताना सहकाऱ्याने पाहिले, तर तो संध्याकाळी परत येत नाही. एखाद्या वसतिगृहासारखे साधे नाव दिले असते तर योजनेच्या अटींना कुठेही बाधा आली नसती.

कागदपत्रांविषयी : मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी बेघर व्यक्तीला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये आपण जिथे झोपतो ते ठिकाण लिहावे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन खात्री करतात. आधारसाठी नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र चालते. गिरणाकाठ यांनी चहावाल्याकडून जे मिळवले, त्याचेच हे सरकारी रूप आहे असे मला वाटते. तसेच रस्त्यावर एखादी व्यक्ती मानसिक आजाराने भ्रमिष्ट अवस्थेत दिसली, तर तिला हाकलू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तिला संरक्षणात घेणे आणि चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे ही पोलिसांची जबाबदारी आहे, आणि बेघर व्यक्तीला तिथे मोफत उपचाराचा हक्क आहे.

सातपुडा पायथा

मी शिक्षिका आहे. आमच्या भागातील भिल्ल आणि पावरा कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात आणि काही कुटुंबे इकडे वीटभट्ट्यांवर येतात. गावी त्यांचे घर असते, त्यामुळे कोणी त्यांना बेघर म्हणणार नाही, पण अर्धे वर्ष मुले ताडपत्रीखाली राहतात आणि शाळेतली वागणूक त्यावरूनच ठरते. वर्गात काही हरवले की भट्टीवरच्या मुलाचे दप्तर पहिल्यांदा उघडले जाते. ठेकेदाराची जी शंका गिरणाकाठ दादांनी लिहिली, ती सातव्या वर्षी सुरू होते.

शिक्षकांसाठी दोन गोष्टी लिहिते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. तरीही अनेक पालक कागद नाही म्हणून दारातूनच परत जातात, त्यांना आपणच आत बोलवावे. दुसरे म्हणजे ‘माझे घर’ हा निबंधाचा विषय मी बंद केला आणि ‘मी पाहिलेला पाऊस’ हा दिला. भट्टीवरच्या मुलांनी त्यावर सर्वांत अधिक लिहिले. ताडपत्री कोणत्या कोपऱ्यातून आधी गळते, हे बंगल्यातल्या मुलाला कुठून माहीत असणार?

बोरीकाठ

मी अमळनेर तालुक्यातून लिहितो. माझे काका, वय अडुसष्ट, कापसावर बोंडअळी आली त्या वर्षी कर्जात गेले. पुढे शेत विकले आणि चुलत भावांशी भांडण होऊन घराबाहेर पडले. सध्या ते एका देवस्थानाच्या धर्मशाळेत राहतात, अन्नछत्रात जेवतात आणि पडेल ते काम करतात. आम्ही दोन वेळा गाडी घेऊन त्यांना आणायला गेलो, तर ते मागच्या दाराने निघून गेले. घरी जागा आहे, कोणाचा विरोध नाही. त्यांच्याशी कसे बोलावे, हे कृपया सांगावे.

पांझरा

बोरीकाठ भाऊ, गाडी घेऊन किती जण गेला होता? मला न्यायला एकदा चार माणसे आली होती, आणि बसस्थानकावरचे सगळे लोक वळून पाहत होते. त्या दिवशी माझा भाऊ एकटा येऊन शेजारी बसला असता, तर कदाचित मी गेले असते. तिथे रडू नका, पाया पडू नका आणि कृपा करून फोनवर आईशी बोलणे करून देऊ नका. काकांनी तिथे कोणाला काय सांगितले आहे, ते आपल्याला माहीत नाही. मुलेबाळे नाहीत असेही सांगितले असेल. त्यांचे सांगणे चारचौघांत खोटे पडू देऊ नका.

गिरणाकाठ

ताईंशी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढी भर घालतो की पहिल्या भेटीत परत चला असे म्हणूच नये. शेतीतला माणूस आहे, तेव्हा त्यांना ठाऊक असलेले काही विचारावे : यंदा कोणते वाण लावावे, बांधाचा वाद कसा सोडवावा. घरात आपले मत अजून चालते, हे कळले तर येण्याची वाट त्यांची ते काढतील. आखाजी, पोळा किंवा एखाद्या लग्नाचे निमित्त त्यांना बरे पडेल, कारण निमित्त असले की गावाला ‘परत आला’ असे म्हणता येत नाही, कार्याला आला असे म्हणावे लागते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहाचा अर्ज करण्याचा मार्गही आहे. पण शरमेने बाहेर राहिलेला माणूस आपल्याच मुलांविरुद्ध अर्ज करेल असे मला वाटत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये.

बोरीकाठ

दोघांचे आभार. पुढच्या वेळी मी एकटाच जाईन आणि ट्रॅक्टर न नेता बसने जाईन. एक व्यवहाराचे विचारतो. शिधापत्रिकेत काकांचे नाव आमच्याबरोबर आहे. ते इथे राहत नाहीत, तेव्हा नाव कमी करून घ्यावे, असे घरात चालले आहे. करावे का?

निवृत्त कर्मचारी

मुळीच करू नये. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि एक देश एक शिधापत्रिका या सोयीमुळे त्याच कार्डावरील आपल्या वाट्याचे धान्य काकांना ते राहतात तिथल्या दुकानातून अंगठा देऊन उचलता येते. भेटायला जाल तेव्हा कार्डाचा क्रमांक कागदावर लिहून द्या आणि जवळच्या शिधावाटप दुकानात ई-पॉस यंत्रावर त्यांची ई-केवायसी झाली आहे का, ते पाहा. ती राहिली असेल तर नाव आपोआप अडचणीत येते. एकदा कमी झालेले नाव पुन्हा चढवताना राहण्याचा पुरावा मागतात, आणि तो देणे त्यांना सध्या शक्य नाही.